पाणी नेमकं वाचतं कुठे?

ओलंकोरडं
सोमवार, रात्री ९:१४

भाची कृषिविद्येत संशोधन करते, विषय सिंचन. गेली दोन वर्षं तिचं जग म्हणजे प्लॉट, वजनकाटा आणि वही. परवा भेटली तेव्हा सहज विचारलं, "काय मग, झाडाचं किती पाणी वाचवलंस?" तर म्हणाली, "मामा, झाड जे पाणी पितं त्यातला थेंबही वाचवता येत नाही. वाचवायला गेलात तर पीक हातचं जाईल."

मी गप्पच झालो. कारण मी अख्ख्या शेताला ठिबक केलं ते पाणी वाचतं म्हणूनच. झाडाचं पाणी वाचत नसेल, तर मग वाचलं ते कुणाचं? आणि हे 'कमी पाण्यात जास्त उत्पादन' म्हणतात ते कसं जमतं? आणखी विचारायला गेलो तर "आधी एक खड्डा खणून बघा, मग बोलू" म्हणाली आणि निघून गेली. तिची आईही अशीच आहे.

इथे जाणकार आहेत, शेती करणारेही आहेत. सांगा.

टिवल्या_बावल्या
सोमवार, रात्री ९:२०

मामाला खड्डा खणायला सांगून भाची पसार. या संशोधनाला माझा पाठिंबा.

मुरूमकर
सोमवार, रात्री ९:४१

चाळीस वर्षं पाणी भरतोय, काटा कधी लागला नाही. झाड बोलतं, ऐकता आलं पाहिजे. दुपारी पानं मलूल दिसली की नवखा धावत जाऊन कॉक उघडतो. दुपारचं मलूल होणं काही नसतं, ऊन उतरलं की पान सावरतं. पहाटे मान खाली दिसली तर मात्र पाणी द्यायला तुम्हाला उशीर झालेला आहे.

बाकी शास्त्रज्ञांना जे दोन वर्षांत कळतं ते बांधावर आधीच ठाऊक असतं. फक्त आम्ही ते छापत नाही.

गणितवाली
सोमवार, रात्री १०:०५

भाची बरोबर बोलते आहे, मुरूमकर काकाही बरोबर आहेत. शेवटचं वाक्य सोडून. :)

पानाला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर छिद्रं उघडावी लागतात, आणि छिद्रं उघडली की आतली ओल बाहेर जाणारच. हा व्यवहार कुठल्याही झाडाला टळलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अ‍ॅक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ या जोडीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे मोजलं. मोठाल्या झाकणबंद कुंड्यांत पिकं वाढवायची आणि कुंड्यांचं वजन करत राहायचं. झाकण असल्यामुळे मातीवरून वाफ उडत नाही, म्हणजे वजनातली घट ती झाडाने प्यायलेल्या पाण्याची. एक किलो सुका पाला-धान्य तयार व्हायला गव्हाला ५०० लिटरच्या आसपास, ज्वारीला सव्वातीनशेच्या आसपास, लसूणघासाला ८०० च्या वर, असे आकडे १९१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले.

नंतर १९५८ मध्ये डच शास्त्रज्ञ डी विट यांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासून दाखवलं की पानांतून गेलेलं पाणी आणि तयार झालेला सुका माल यांचं नातं जवळपास सरळ रेषेत असतं. पानातून जाणारं पाणी निम्मं केलंत, तर मालही साधारण निम्मा होतो.

म्हणून वाचवायचं ते उरलेलं. ओल्या मातीवरून नुसतंच उडून जाणारं, मुळांच्या खाली निसटणारं आणि शेताच्या टोकाला वाहून जाणारं.

बांधावरचा_बगळा
सोमवार, रात्री १०:३२

असहमत. हे सगळं कुंडीतलं ज्ञान. मी भुईमुगाच्या दोन पाळ्या कमी केल्या आणि शेंगा आधीच्या वर्षापेक्षा जास्त भरल्या. तुमच्या सरळ रेषेप्रमाणे कमी व्हायला हव्या होत्या. डी विट साहेबांना माझ्या वावरात पाठवा.

गणितवाली
सोमवार, रात्री १०:४०

बगळेबुवा, तुम्ही कमी केलेलं पाणी भुईमूग पीत होता कशावरून?

बांधावरचा_बगळा
सोमवार, रात्री १०:४३

मग कोण पीत होतं? मी?

मुरूमकर
मंगळवार, सकाळी ६:१०

पहाटे उठून वाचलं, करमणूक झाली. बगळ्या, जमीन भारी आहे ना तुझी? मग आधी तू भुईमूग बुडवत होतास. दोन पाळ्या कमी झाल्या आणि वाफसा आला, इतकी साधी गोष्ट आहे ही. मुळाला पाणी लागतं तशी हवाही लागते. माती हातात घेऊन मूठ आवळ. गोळा झाला, बोटाने टिचकी मारली आणि फुटला, तर वाफसा. चिकटून राहिला तर अजून पाणी नको. गोळाच होत नसेल तर पाणी सोड.

ओलंकोरडं
मंगळवार, सकाळी ८:०२

काका, हा वाफसा शब्द आम्ही सगळेच वापरतो, पण तो मोजतात कसा?

गणितवाली
मंगळवार, सकाळी ९:३०

वाफसा हा फार नेमका शब्द आहे. ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी हजर असल्याची ती खूण. शास्त्राने त्याच्या आसपास दोन खुंट्या ठोकल्या आहेत. भरपूर पाणी देऊन जास्तीचं निथळून गेल्यावर माती जेवढं धरून ठेवते ती वरची खुंटी. झाड असं सुकतं की रात्रभर दमट हवेतही सावरत नाही, ती खालची. मधलं सगळं पाणी झाडाला मिळण्याजोगं, पण सगळं सारख्याच सहजतेने मिळत नाही. जसजशी माती सुकते तसतसं मुळांना जास्त जोर लावून ओढावं लागतं. झाडाला ताण जाणवायच्या आत त्यातलं किती वापरू द्यायचं हे पिकागणिक बदलतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत याचे तक्ते आहेत. कांद्याला साधारण ३० टक्के, टोमॅटोला ४०, गव्हाला ५५, कापसाला ६५.

आता हिशेब. माती मीटरभर खोलीत १५० मिलिमीटर पाणी धरते असं समजा. कांद्याची मुळं ४० सेंटिमीटर, म्हणजे ६० मिलिमीटर. त्याचे ३० टक्के १८. रोज ५ मिलिमीटर खर्च असेल तर साडेतीन दिवसांत पाणी द्यायलाच हवं. कापूस त्याच मातीत, मुळं १२० सेंटिमीटर, साठा १८०, त्याचे ६५ टक्के ११७. रोज ६ मिलिमीटर गेले तरी १९ दिवस निघतात. शेत तेच, माणूस तोच, आणि आपण दोघांनाही 'आठवड्याने पाणी' देतो. कांदा निम्मा आठवडा तहानलेला, कापूस उगाच न्हातोय.

कुंडीतला_शेतकरी
मंगळवार, सकाळी ११:१५

मध्येच तोंड घालतो. माझं शेत म्हणजे गच्चीवरच्या चौदा कुंड्या. सगळ्यांना रोज सकाळी एकेक मग. चूक का?

टिवल्या_बावल्या
मंगळवार, सकाळी ११:१९

चौदा कुंड्यांना एकच न्याय. लोकशाही जिंदाबाद.

गणितवाली
मंगळवार, दुपारी १:००

कुंडी उचलून बघा हो. पाणी दिल्यानंतरचं वजन हाताला लक्षात ठेवा आणि हलकी लागली की द्या. थट्टा नाही करत, संशोधनात हेच चालतं, फक्त कुंडी मोठी असते. त्याला लायसिमीटर म्हणतात. टेक्सासमधल्या बुशलँडच्या संशोधन केंद्रात असे चार आहेत. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.३ मीटर खोल, आत अखंड माती, वर पीक आणि खाली वजनकाटा. पृष्ठभाग ९ चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटर पाणी उडालं की काटा ९ किलोने हलका. ओलंकोरडं, तुमच्या भाचीच्या वहीत हेच आकडे असणार.

कुंडीतला_शेतकरी
मंगळवार, संध्याकाळी ७:२२

उचलल्या. सहा कुंड्या दगडासारख्या जड, तीन पिसासारख्या. कडीपत्ता माझ्याकडे बघून हसला असं वाटलं.

वाचनमात्र
मंगळवार, रात्री ८:५०

पाच वर्षं नुसता वाचतोय, पहिला प्रतिसाद. मी सिंचन विभागात काही काळ होतो. रोजचा ५ मिलिमीटर खर्च कुठून येतो ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे काम करणाऱ्या हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये ऊन, तापमान, वारा आणि हवेतली ओल या चार गोष्टींवरून बाष्पीभवन काढायचं सूत्र मांडलं. १९६५ मध्ये जॉन मॉन्टीथ यांनी त्यात पानांच्या छिद्रांचा अडथळा धरला. आज जगभर वापरतात ते पेनमन-मॉन्टीथ. ते सूत्र एका काल्पनिक गवताचं पाणी काढतं. १२ सेंटिमीटर उंच, एकसारखं वाढलेलं, कधीही तहान न लागलेलं गवत. आपल्या पिकाचं पाणी त्या गवताच्या किती पट, ते गुणांकाने धरायचं. रोप लहान असताना जमीन उघडी, गुणांक ०.३ ते ०.६ च्या आसपास. ऐन भरात टोमॅटो, गहू यांना १.१५. मग पिकताना पुन्हा खाली.

माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त पाणी वाया जातं ते सुरुवातीला. रोप बोटभर, आणि माणूस भरातल्या पिकाइतकं सोडतो. हौसच तशी असते.

मुरूमकर
मंगळवार, रात्री ९:१०

हे मात्र शंभर टक्के. रोपाला थोडा ताण द्यावा, मूळ खाली शोधत जातं. लाडावलेलं मूळ वरच बसून राहतं.

गणितवाली
बुधवार, सकाळी १०:०५

काकांचा 'ताण' कुठे द्यायचा आणि कुठे अजिबात नाही, याचाही आकडा आहे. १९७९ मध्ये एफएओच्या ३३ क्रमांकाच्या पुस्तिकेत डोरेनबोस आणि कसाम यांनी तो दिला. पाण्यात जेवढ्या टक्के तूट, त्याच्या किती पट उत्पादनात तूट, असा तो आकडा. पूर्ण हंगामाला मका १.२५, कापूस ०.८५, भुईमूग ०.७. म्हणजे २० टक्के तूट पडली तर मका २५ टक्के घटतो, भुईमूग १४. पण मका वाढीच्या काळात ०.४ आणि तुरा-कणसाच्या वेळी १.५! पाणी तोकडं असेल तर ते कणसासाठी राखून ठेवायचं, आधी थोडं तहानलेलं चालेल.

बगळेबुवा, तुमच्या सुटलेल्या दोन पाळ्या कुठल्या वेळच्या होत्या ते सांगाल का?

बांधावरचा_बगळा
बुधवार, सकाळी १०:३०

आऱ्या, म्हणजे जमिनीत जाऊन शेंग धरणारे देठ, सुटायच्या आधीच्या. मोटर जळाली होती. नियोजन वगैरे काही नव्हतं.

टिवल्या_बावल्या
बुधवार, सकाळी १०:३१

जळालेल्या मोटरला सहलेखकाचा मान मिळावा.

गणितवाली
बुधवार, सकाळी १०:४५

हसू नका, हे तंत्र पुढे मुद्दाम वापरलं गेलं. ऑस्ट्रेलियात टाटुरा इथल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास पीचच्या बागेत पाहिलं की फळातली कोय कडक होत असते तेव्हा फळ फारसं वाढत नाही, फांद्या मात्र सुटतात. त्या काळात पाणी तोडलं तर फांद्या आवरतात, फळाचं काही बिघडत नाही, छाटणीही कमी पडते. नंतर फळ फुगायला लागलं की पूर्ण पाणी. इथे पानांतून जाणारं पाणीसुद्धा खरंच कमी होतं, पण घट फांद्यांत होते, फळात नाही. डी विट यांची रेषा सुक्या मालाची आहे, आपण विकतो तो त्यातला एक भाग. कमी पाण्यात जास्त उत्पादनाला इथे जागा सापडते.

दुसरी जागा हंगामाची. १९८३ मध्ये टॅनर आणि सिंक्लेअर यांनी दाखवलं की हवा जितकी कोरडी, तितकं तेवढ्याच मालाला जास्त पाणी जातं. तेच पीक दमट, थंड दिवसांत घेतलं तर प्रत्येक लिटरमागे जास्त मिळतं. ठिबक, पाट, फवारा यांचा इथे काही संबंध नाही.

पाणकळा
बुधवार, दुपारी ३:४०

मी अर्थशास्त्राकडून येते. दोन दिवस तोंडावर हात ठेवून बसले होते, आता राहवत नाही.

ओलंकोरडं, एक थेट प्रश्न. ठिबक केल्यावर तुमच्या विहिरीचा उपसा कमी झाला, की तेवढ्याच उपशात भिजणारं क्षेत्र वाढलं?

ओलंकोरडं
बुधवार, दुपारी ४:०२

...क्षेत्र वाढलं. पडीक होतं तेही भिजतं आता.

पाणकळा
बुधवार, दुपारी ४:२५

तुमच्यावर रोख नाही, सगळे हेच करतात. १८६५ मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं. इंजिन काटकसरी झालं की कोळशाचा एकूण खप वाढतो. अमेरिकेत कॅन्ससमध्ये जुने फिरते तुषार संच बदलून पिकाच्या जवळ पाणी सोडणारे सुधारित संच घ्यायला अनुदान दिलं. उद्देश ओगलाला या तिथल्या प्रचंड भूजलसाठ्याचं पाणी वाचवण्याचा. फायफर आणि लिन यांनी २०१४ मध्ये नोंदी तपासल्या, तर उपसा कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. लोक जास्त पाणी लागणाऱ्या पिकांकडे वळले, क्षेत्रही वाढलं.

त्यात आणखी एक मेख. पूर्वी पाटाच्या पाण्यातलं जे जमिनीत मुरायचं ते 'वाया' नव्हतं. ते खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत जायचं. आता ते तुमच्या पिकाच्या पानातून हवेत जातं. तुमच्या शेताची कार्यक्षमता वाढली, शेजाऱ्याची विहीर खाली गेली. २०१८ मध्ये ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये याच विरोधाभासावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आधी पाणलोटाचा जमाखर्च मांडा, उपशाला मर्यादा घाला, त्यानंतर काटकसरीचं कौतुक करा.

तर 'पाणी वाचतं कुठे' याचं माझं उत्तर: पुष्कळदा ते फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं.

बांधावरचा_बगळा
बुधवार, दुपारी ४:५०

वा! म्हणजे आता ठिबक करणारा गुन्हेगार. पाटाने पाणी सोडून धुरा ओलांडेपर्यंत वाहू देणारा मात्र शेजाऱ्याचा उपकारकर्ता. माझे आजोबा परोपकारीच होते म्हणायचे.

वाचनमात्र
बुधवार, संध्याकाळी ६:१५

पाणकळा, मुद्दा मान्य, पण सरसकट नको. मुरलेलं पाणी परत कामी येतं ते खाली गोडं भूजल असेल तर. खाली खारं पाणी असेल, किंवा ते थेट समुद्राला मिळत असेल, तर ते गेलंच. शिवाय मुरलेलं पाणी एकटं जात नाही, सोबत युरिया घेऊन जातं. शेजाऱ्याला विहिरीत नायट्रेटही मिळतं. आणि परत उपसायला वीज लागते ती वेगळी.

पाणकळा
बुधवार, संध्याकाळी ६:४०

नायट्रेटचं पूर्ण मान्य. ते माझ्या जमाखर्चात यायलाच हवं होतं.

चिखल्या
बुधवार, रात्री ९:३३

भातवाल्यांना कुणी विचारतच नाही. मी छिद्रांची नळी वापरतो. वीतभर रुंद नको, चार बोटं चालते, लांबी ३० सेंटिमीटर. अर्धी मातीत गाडायची, गाडलेल्या भागाला भोकं, आणि आतला चिखल काढून टाकायचा. हे विसरलात तर नळी खोटं सांगते, मी पहिल्या वर्षी विसरलो होतो. नळीत डोकावून बघायचं. पाणी जमिनीच्या खाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की पुन्हा ५ सेंटिमीटर भरायचं. लावणीनंतर दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी तुंबलेलंच ठेवायचं. पद्धत फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पसरवली. ते ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं म्हणतात, शिवाय चिखलातून निघणारा मिथेनही बराच कमी होतो.

पहिल्या वर्षी शेताला बारीक भेगा दिसल्या तेव्हा वडील माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. नळीत पाणी दाखवलं तेव्हा बोलले. "हे आत होतं होय."

खारफुटी
गुरुवार, सकाळी ७:४५

धागा मस्त चाललाय पण मिठाचं कुणी बोललं नाही. पाणी वाचवायच्या नादात मी हात पोळून घेतले आहेत.

माझं पाणी मचूळ. ठिबकने अगदी मोजून द्यायचो, एक थेंब खाली जाऊ द्यायचो नाही. पाणी झाड पितं, क्षार मागे राहतात आणि ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतात. जमिनीवर प्रत्येक ड्रिपरभोवती पांढरी कडी दिसायची, मला ती शोभेची वाटायची. मग एक हलकी सर आली. मी खुशीत पंप बंद केला. त्या पावसाने कडेचं मीठ विरघळवून थेट मुळांत आणलं. चार दिवसांत पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या. हलका पाऊस पडताना ठिबक चालू ठेवायचं असतं, म्हणजे मीठ बाहेरच ढकललं जातं, हे मला नंतर कळलं. पावसात पाणी सोडणाऱ्याला लोक वेडा म्हणतील, म्हणू देत.

थोडं पाणी मुळांखाली जाऊ द्यावंच लागतं, मीठ धुवायला. ते पाणी वाया गेलं असं कुणी म्हणू नका.

मुरूमकर
गुरुवार, सकाळी ८:३०

हे मला ठाऊक नव्हतं. पावसात ठिबक चालू ठेवायचं. छापायला हरकत नाही.

टिवल्या_बावल्या
गुरुवार, सकाळी ८:३४

मुरूमकर काकांना काहीतरी ठाऊक नव्हतं. धागा वाचनखुणेत साठवला आहे.

ओलंकोरडं
रविवार, दुपारी १२:५०

खड्डा खणला.

टोमॅटोची ओळ, मधला एक ड्रिपर. बाजूने फावड्याने उभा काप घेतला आणि बसून बघत राहिलो. ड्रिपरच्या बरोबर खाली ओला पट्टा, वीत-दीड वीत रुंद, सरळ खाली गेलेला. अडीच फूट खणलं तरी ओल संपेना. खालची माती हातात घेतली तर गार, चिकट आणि आंबूस वास. मुळं तिथे नव्हतीच. जी होती ती वरच्या फूटभरात, बारीक पांढरी, ओल्या पट्ट्याच्या कडेकडेने दाटीने. आणि तिथून हातभर अंतरावर माती इतकी कोरडी की फावडं मारलं तर धूळ उडाली. एका ड्रिपरच्या पोटात पूर आणि दुष्काळ शेजारी शेजारी.

मी एक दिवसाआड तीन तास चालवतो. ड्रिपर ४ लिटरचा, ४० सेंटिमीटरवर एक. ओळींत अंतर १२० सेंटिमीटर. जमीन हलकी, खाली मुरूम.

गणितवाली
रविवार, दुपारी २:१०

वा, हेच हवं होतं. ०.४ गुणिले १.२ म्हणजे एका ड्रिपरच्या वाट्याला ०.४८ चौरस मीटर. तासाला ४ लिटर म्हणजे ८.३ मिलिमीटर, तीन तासांत २५. टोमॅटो भरात असेल आणि संदर्भ-गवताचा खर्च ५ मिलिमीटर धरला तर पिकाचा रोजचा पावणेसहा, दोन दिवसांचे साडेअकरा. तुम्ही दुपटीपेक्षा जास्त देताय. दीड तास पुरेल.

मुरूमकर
रविवार, दुपारी २:४०

आणि तो दीड तासही एका दमात नको. हलक्या रानात पाणी गाजरासारखं खाली सुटतं, भारी जमिनीत कांद्यासारखं पसरतं. हलक्याला थोडं थोडं, रोज. पाऊण तास. ओळीवर पाचट टाक, वरचं उडणारंही आवरेल.

पाणकळा
रविवार, दुपारी ३:०५

आणि वाचलेल्या पाण्यावर नवीन क्षेत्र भिजवू नका. :)

ओलंकोरडं
रविवार, दुपारी ३:१२

पंपाला टायमर लावतोय पाऊण तासाचा. नवीन क्षेत्राचं बायकोला सांगून ठेवतो, ती बघेल माझ्याकडे.

म्हणजे माझं उरलेलं निम्मं पाणी झाडाने प्यायलंच नव्हतं, मुरमात जात होतं. भाचीला खड्ड्याचा फोटो पाठवला होता. आत्ता उत्तर आलं: "छान. हा मधला ड्रिपर ना? आता ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली बाटल्या लावा, पंधरा मिनिटं. मग दुसरा खड्डा शेवटच्याखाली."

बाटल्या लावल्या. पहिल्यात लिटरभर. शेवटच्यात साडेसहाशे मिली.

गणितवाली
रविवार, दुपारी ३:३०

थांबा! मग दीड तासाचा माझा हिशेब शेवटच्या झाडाला लागू नाही. टायमर लावायच्या आधी फिल्टर धुवा, लॅटरलची, म्हणजे ड्रिपर असलेल्या नळ्यांची, टोकं उघडून गाळ जाऊ द्या, दाब बघा आणि पुन्हा मोजा.

बांधावरचा_बगळा
रविवार, दुपारी ३:४१

मी पण बाटल्या घेऊन निघालोय. कुणाला सांगू नका.

ओलंकोरडं
रविवार, रात्री ८:२०

टोकं उघडली. पहिल्यांदा तपकिरी शेवाळाचं पाणी आलं, मग लाल, मग स्वच्छ. शेवटची बाटली आता नऊशेवर. दुसरा खड्डा उद्या, आज पाठ धरली आहे.